बाई, हा उल्केचा दगड आहे का?



पाचवीत सूर्यमालेचा पाठ झाला की आठवडाभरात कोणीतरी खिशातून काळा दगड काढतंच. "बाई, हा आकाशातून पडलाय. चुंबक पण चिकटतं!" अशा वेळी "छे, साधा दगड आहे" म्हटलं की मूल गप्प होतं आणि "हो, असेल" म्हटलं की चुकीची समजूत पक्की होते. त्यापेक्षा दगड मुलांकडूनच तपासून घ्यावा.

उल्का आणि अशनी

तारा तुटला असं आपण म्हणतो ती उल्का. वाळूच्या कणाएवढा तुकडा प्रचंड वेगाने वातावरणात शिरतो आणि साधारण 80 ते 120 किमी उंचीवर प्रकाशतो. दोन-तीन सेकंदांत खेळ संपतो, जमिनीवर काही येत नाही. मोठा तुकडा पूर्ण न जळता खाली पोहोचला तर त्याला अशनी म्हणतात. म्हणजे उल्कावर्षाव झाला म्हणून दुसऱ्या दिवशी मैदानात दगड सापडणार नाहीत.

आपल्या राज्यातलं उदाहरण नागपूर जिल्ह्यातल्या काटोलचं. 22 मे 2012 रोजी भरदुपारी तिथे अशनींचे तुकडे पडले. याउलट 2 एप्रिल 2022 ला, गुढीपाडव्याच्या रात्री, विदर्भात दिसलेल्या प्रकाशाच्या रेघा अनेकांना उल्का वाटल्या. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यातल्या लाडबोरी गावात धातूची मोठी रिंग पडली. ते रॉकेटचे अवशेष असल्याचं अभ्यासकांनी सांगितलं. उल्का झपकन जाते, रॉकेटचे तुकडे मात्र सावकाश, रांगेने जाताना दिसतात.

चुंबक इथे का फसवतं?

येऊर, पारसिक, मलंगगड हे सगळे डोंगर बसाल्टचे. बसाल्टमध्ये मॅग्नेटाइट हे लोहखनिज असतं, म्हणून आपल्या अंगणातली खडीही चुंबकाला ओढ दाखवते. शिवाय कारखान्यांच्या पट्ट्यात भट्टीतली धातुमळी पडलेली असते, तीही काळी आणि जड. म्हणून मुलांना उलटा नियम सांगावा: चुंबक अजिबात ओढलं नाही तर तो दगड बहुधा अशनी नाही. पण चुंबक ओढलं, एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

वर्गात करायच्या चार तपासण्या

1. भोकं पाहा. बुडबुड्यांसारखी भोकं असतील, तर तो बहुतेक लाव्हाचा दगड किंवा धातुमळी. अशनीवर अंगठ्याने दाबल्यासारखे उथळ खळगे असू शकतात, बुडबुडे सहसा नसतात.

2. साल पाहा. ताज्या अशनीवर वितळून झालेली पातळ काळी साल असते. कोपरा आधीच तुटलेला असेल तर आतला भाग बहुतेक वेळा फिकट राखाडी आणि त्यात धातूचे चकचकीत कण दिसतात. दगड मुद्दाम फोडू नये.

3. फरशीवर घासा. टाइलच्या मागच्या खरबरीत बाजूवर काळी किंवा तांबूस ठळक रेघ उमटली तर ते लोहखनिज असण्याची शक्यता जास्त.

4. घनता काढा. किचनच्या काट्यावर वजन करा आणि मापपात्रात दगड बुडवून पाणी किती चढलं ते पाहा. समजा दगड 290 ग्रॅमचा आहे आणि पाणी 100 मिलीने चढलं, तर घनता 2.9. बसाल्ट साधारण इतकाच भरतो. नेहमीचे दगडी अशनी 3.3 च्या पुढे, लोखंडी तर 7 च्या पुढे जातात. भागाकाराचा सरावही यातच होऊन जातो!

चारही तपासण्यांत दगड टिकला तर तो कोरड्या पिशवीत ठेवा. तारीख, जागा आणि फोटो यांची नोंद करा आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवा. देशातल्या अशनींचं जतन हीच संस्था करते. पालकांना एक विनंती, "लाखोंची किंमत मिळते" अशा मेसेजवर विसंबून कोणाशी व्यवहार करू नका.

उल्का बघायच्या कधी?

ऑगस्टमधला ययातीचा वर्षाव आपल्याकडे ढगांत जातो. 13-14 डिसेंबरच्या रात्रीचा मिथुनेचा वर्षाव आपल्यासाठी चांगला. रात्री दहानंतर, दिव्यांपासून लांब, चटईवर आडवं पडून पाहायचं. दुर्बीण लागत नाही. खगोल मंडळाचे आकाशदर्शनाचे कार्यक्रम वांगणीला होतात, तेवढं लांब गेलं तरी फरक पडतो.

आणि मुलाचा दगड बसाल्टच निघाला तर? तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा आहे, हे त्याला जरूर सांगा. डायनोसॉर नाहीसे झाले त्याच सुमाराचा. दगड परत खिशात जाईल, फेकला जाणार नाही.