समलैंगिक स्त्रियांचे आरोग्य : केसपेपरवर न येणारा प्रश्न

सार्वजनिक आरोग्याच्या नियोजनात आपल्याकडे स्त्रीचा विचार प्रामुख्याने माता म्हणून झाला. कुटुंबनियोजन, प्रसूतिपूर्व तपासणी, संस्थात्मक प्रसूती, लसीकरण या मार्गांनी यंत्रणा स्त्रीपर्यंत पोहोचली आणि त्याचे लाभ निर्विवाद आहेत. मात्र जी स्त्री कोणाची पत्नी नाही व होऊ इच्छित नाही, जिचे सहजीवन दुसऱ्या स्त्रीबरोबर आहे, ती या मार्गावर यंत्रणेला भेटत नाही. एड्स नियंत्रण कार्यक्रमाने पुरुषांशी शरीरसंबंध ठेवणारे पुरुष आणि तृतीयपंथी व्यक्ती यांचा अधिक जोखमीच्या गटांत समावेश केला. स्त्री-स्त्री संबंधांतून एचआयव्हीचा प्रसार होण्याची शक्यता अत्यल्प असल्याने समलैंगिक स्त्रिया त्या गटांत आल्या नाहीत. रोगशास्त्राच्या दृष्टीने हे योग्यच होते. परंतु जोखीम नाही म्हणून नोंद नाही आणि नोंद नाही म्हणून गरजही नाही, असा निष्कर्ष नकळत काढला गेला.

या प्रश्नाचा विचार रायपूरच्या संदर्भात करणे उद्बोधक ठरते. १ नोव्हेंबर २००० रोजी स्थापन झालेल्या छत्तीसगढने २००२ मध्ये 'मितानिन' कार्यक्रम सुरू केला. वस्तीनेच निवडलेली स्त्री त्या वस्तीची आरोग्य कार्यकर्ती होते, ही त्यामागील कल्पना. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात आलेल्या 'आशा' योजनेला या अनुभवाचा आधार मिळाला, हे विद्यार्थ्यांना ठाऊक असेलच. कमी ठाऊक आहे ते 'मितानिन' या शब्दाचे मूळ. छत्तीसगढी लोकजीवनात दोन मुली किंवा स्त्रिया विधिपूर्वक मैत्री जोडतात. कोणी 'भोजली' होते, कोणी 'महाप्रसाद', कोणी 'गंगाजल'. त्यानंतर त्या एकमेकींना नावाने हाक मारीत नाहीत आणि दोन्ही घरे परस्परांना सोयरी मानतात. जातीची भिंतही येथे आड येत नाही. या प्रथेत समलैंगिकता शोधण्याचे कारण नाही. परंतु रक्ताने वा विवाहाने नव्हे, तर निवडीने जुळलेले नाते समाज मान्य करू शकतो, याचा हा पुरावा आहे. रुग्णालयाच्या अर्जावरील 'पती/पित्याचे नाव' या रकान्याला मात्र तसे नाते ठाऊक नसते.

विवाहित की अविवाहित?

बाह्यरुग्ण विभागातील स्त्रीरोगतज्ज्ञ सर्वप्रथम हा प्रश्न विचारतात. त्यांना खरे तर रुग्णाचे शरीरसंबंध आले आहेत काय, हे जाणून घ्यायचे असते. संकोचापोटी विवाहाची चौकशी होते. उत्तर 'अविवाहित' असे आले की अनेकदा अंतर्गत तपासणी टाळली जाते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारणीभूत असणारा ह्यूमन पॅपिलोमा विषाणू त्वचेच्या स्पर्शातून पसरतो. त्यामुळे स्त्री-स्त्री संबंधांतही त्याची बाधा होऊ शकते. योनिमार्गातील जीवाणुजन्य दाह आणि जननेंद्रियांवरील नागीण यांबाबतही हेच खरे. शिवाय आपल्या देशात अनेक समलैंगिक स्त्रियांचे विवाह कुटुंबाच्या दडपणाखाली पुरुषांशी झालेले असतात. म्हणजे 'विवाहित' आणि 'अविवाहित' ही दोन्ही उत्तरे वैद्यकीयदृष्ट्या अपुरीच ठरतात.

राष्ट्रीय असंसर्गजन्य रोग नियंत्रण कार्यक्रमात तीस वर्षांवरील स्त्रियांसाठी स्तन, मुख व गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या चाळणी तपासणीची तरतूद आहे. वैवाहिक दर्जा ही तिची अट नाही. तरीही ज्या स्त्रीला गर्भनिरोधक नको आणि प्रसूतीही नको, तिला स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जाण्याचे निमित्तच उरत नाही आणि तपासणी वर्षानुवर्षे लांबते. प्रश्न बदलला की बरेच बदलते. 'आपले शरीरसंबंध आले आहेत का, स्त्रीशी, पुरुषाशी की दोघांशी?' असे शांतपणे, दुसऱ्या कोणाच्याही अनुपस्थितीत विचारण्यास कोणताही खर्च येत नाही.

आजार नसलेल्या गोष्टीवरील उपचार

जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये समलैंगिकतेस आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातून वगळले. भारतात ६ सप्टेंबर २०१८ रोजी नवतेजसिंह जोहर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीच्या खासगी संबंधांना भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ मधून मुक्त केले. त्याच वर्षी मे महिन्यात मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ अमलात आला होता. लैंगिक कलाच्या आधारे मानसिक आरोग्यसेवेत भेदभाव करता येणार नाही, असे त्याचे कलम १८ नि:संदिग्धपणे सांगते.

तरीही 'मुलीला बरे करा' अशी मागणी घेऊन येणारे पालक आणि ती मान्य करणारे वैद्य संपलेले नाहीत. मदुराईहून चेन्नईला आलेल्या दोन तरुणींच्या याचिकेवर मद्रास उच्च न्यायालयाने ७ जून २०२१ रोजी अशा तथाकथित उपचारांना मनाई केली. त्यानंतर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये ते व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. याच आयोगाच्या ऑगस्ट २०२४ मधील न्यायवैद्यक अभ्यासक्रमात मात्र स्त्री-समलैंगिकता लैंगिक अपराधांच्या यादीत पुन्हा अवतरली! टीका झाल्यावर सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात तो मजकूर मागे घेण्यात आला. जुनी पाठ्यपुस्तके किती चिवट असतात, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण आहे.

नैराश्य, निद्रानाश, आत्महत्येचे विचार हे लैंगिक कलाचे परिणाम नसून लपवाछपवी, धमक्या आणि सक्तीच्या विवाहाच्या भीतीचे परिणाम आहेत. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या 'टेलिमानस' सेवेशी १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. घरातून बाहेर पडणे ज्यांना अशक्य आहे, त्यांच्यासाठी ही सोय विशेष मोलाची आहे.

घरातील हिंसा आणि 'सखी'

देशातील पहिले 'सखी' वन स्टॉप सेंटर जुलै २०१५ मध्ये रायपूर येथेच सुरू झाले. वैद्यकीय मदत, पोलिसांचे साह्य, कायद्याचा सल्ला, समुपदेशन आणि अल्पकाळाचा निवारा एका छताखाली देणारी ही योजना हिंसापीडित सर्व स्त्रियांसाठी आहे. समलैंगिक स्त्रीला मारहाण, कोंडून ठेवणे, मोबाइल काढून घेणे हे बहुधा पित्याकडून, भावाकडून, क्वचित आईकडूनही घडते. कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक अधिनियम, २००५ हा केवळ पतीविरुद्धचा कायदा आहे असा सर्वसाधारण समज असला, तरी रक्ताच्या नात्यातील सामाईक घरही त्याच्या कक्षेत येते. ऑक्टोबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रतिवादीच्या व्याख्येतील 'प्रौढ पुरुष' हे शब्द रद्द केल्याने स्त्री-नातेवाइकांविरुद्धही दाद मागता येते.

खरी कसोटी समुपदेशनाची आहे. पती-पत्नीच्या भांडणात समेट घडविण्याची सवय असलेली समुपदेशक येथेही मुलीला घरी परत पाठविण्यालाच यश मानू शकते. मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी प्रत्यक्षीकरणाच्या याचिकांसाठी मार्गदर्शक तत्त्वे देताना, व्यक्तीचा लैंगिक कल बदलण्याच्या हेतूने समुपदेशनाचा आदेश न्यायालयांनी देऊ नये, असे बजावले. हीच मर्यादा केंद्रांतील समुपदेशकांनीही पाळावी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

सही कोणाची?

शस्त्रक्रियेपूर्वी 'घरच्या माणसाची' सही मागण्याची प्रथा सर्वत्र आहे. कायदा वेगळे सांगतो. समीरा कोहली प्रकरणात (२००८) रुग्ण ४४ वर्षांची अविवाहित स्त्री होती. ती भुलीखाली असताना डॉक्टरांनी तिच्या आईची संमती घेऊन तिचे गर्भाशय काढले. सर्वोच्च न्यायालयाने ती संमती अग्राह्य ठरवली. सज्ञान व सक्षम स्त्रीच्या शरीरासंबंधी संमती तिची स्वत:चीच लागते.

रुग्ण निर्णय घेण्याच्या स्थितीत नसेल, तर मात्र जोडीदार स्त्रीची बाजू दुबळी होते. मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाच्या कलम १४ नुसार कोणाही सज्ञान व्यक्तीस, तिच्या संमतीने, साध्या कागदावर लिहून व सही वा अंगठा करून आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमता येते. ती व्यक्ती नातेवाईक असण्याची गरज नाही. असा कागद नसेल आणि आगाऊ निर्देशही दिलेला नसेल, तर प्रथम नातेवाइकाचा क्रम लागतो. सोबत राहून शुश्रूषा करणारी व्यक्ती त्यानंतर येते. वर्षानुवर्षे संपर्क नसलेला भाऊ अशा वेळी रोजच्या जोडीदाराच्या पुढे जातो. मानसिक आजाराखेरीज अन्य उपचारांसाठी तर इतकी स्पष्ट तरतूदही या अधिनियमात नाही.

ऑक्टोबर २०२३ मध्ये सुप्रियो प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाचा मूलभूत हक्क मान्य केला नाही. हक्कांचा विचार करण्यासाठी केंद्राने समिती नेमावी, एवढे नमूद केले. मंत्रिमंडळ सचिवांच्या अध्यक्षतेखालील ही समिती एप्रिल २०२४ मध्ये स्थापन झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आरोग्य मंत्रालयाने सर्व राज्यांना पत्र पाठवून कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण, कल बदलण्याच्या उपचारांवर बंदी, दूरध्वनीवरून सल्ला, तसेच जवळचे नातेवाईक उपलब्ध नसल्यास जोडीदारास पार्थिव ताब्यात घेता यावे, याविषयी सूचना केल्या. आरोग्य हा राज्यसूचीतील विषय असल्याने या पत्राचे रूपांतर शासन आदेशात, आणि पुढे रायपूरसारख्या शहरांतील रुग्णालयांच्या प्रवेश अर्जात व मितानिनच्या प्रशिक्षण पुस्तिकेत करण्याचे काम राज्यांकडे आहे.