‘पुढे’चं बटण

आरोग्य कर्मचाऱ्यांचे मोबाइलवरचे कोर्स बघून ये, असं संपादकांनी सांगितलं आणि मी पेडण्याकडच्या एका उपकेंद्रात पोचलो. लसीकरण आटोपून सिस्टर व्हरांड्यात फोन घेऊन बसल्या होत्या. मानसिक आरोग्याचा कोर्स. आधी व्हिडिओ, त्यावर चार पर्यायांचे प्रश्न, मग ‘पुढे’चं बटण. रेंज गेली की त्या उठून फणसाखाली जातात. प्रमाणपत्रांची फाइल जाडजूड. बटण दाबायला काही लागत नाही, त्या म्हणाल्या; समोर बाई रडायला लागली की मात्र सुचत नाही.

या विषयाचा एक मोठा धडा गोव्यातच गिरवला गेला आहे. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये इथे ‘संगाथ’ ही संस्था काढली. पुढे गोव्यातल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत, नैराश्याच्या ४९५ रुग्णांवर त्यांनी एक उपचार तपासला. मानसोपचाराचं आधीचं शिक्षण नसलेले स्थानिक समुपदेशक सहा ते आठ बैठका घेत. रुग्ण ‘डिप्रेशन’ म्हणत नाहीत, ‘टेन्शन’ म्हणतात. उपचाराचं सूत्र असं की मन थाऱ्यावर येण्याची वाट बघू नका, आधी उठा, शेजारी जाऊन या. तीन महिन्यांनी ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते. नेहमीच्या उपचारावर ३९ टक्के. ‘लॅन्सेट’ने २०१७ मध्ये हे छापलं.

मी अडकलो ते वेगळ्याच गोष्टीपाशी. बैठकांचं रेकॉर्डिंग व्हायचं आणि समुपदेशक गोल करून एकमेकांच्या टेप ऐकायचे, गुण द्यायचे. इथे तू घाई केलीस, इथे ती बोलणार होती. भजनी मंडळात चुकलेला ठेका शेजारच्यालाच आधी कळतो, तसंच हे.

मग हाच उपचार फोनवरून शिकवायचं ठरलं, तो मध्य प्रदेशातल्या सीहोर जिल्ह्यात. लक्ष्य होत्या आशा कार्यकर्त्या, आणि गोव्यात आशा योजना राबवलीच गेली नाही! २०२० च्या प्राथमिक अभ्यासात ४२ जणांपैकी काही वर्गात शिकले, काही फोनवर. फोन कसा वापरायचा इथूनच सुरुवात करावी लागली. परीक्षा गोष्टीरूप प्रसंगांवर, उत्तरं पर्यायांतून निवडायची. नंतरच्या मोठ्या चाचणीत तिसरा गट ठेवला. त्याला फोनवरच्या कोर्सबरोबर दुरून मदत करणारं माणूसही दिलं.

म्हणजे माणूस परत आणावाच लागला. हजारोंची उत्तरं सर्व्हर क्षणात तपासतो. टेप ऐकायला मात्र चार जण आणि एक मोकळी दुपार लागते. ती दुपार कोणत्या उपकेंद्रात आहे? सिस्टरांपुढे गरोदर बायांची नोंद, पोर्टलवरची माहिती, उद्याचं शिबिर.

रेंज आली. प्रश्न होता: रुग्ण गप्प झाल्यास तुम्ही काय कराल? त्यांनी ‘थांबेन’ दाबलं, हिरवी खूण उमटली. मग ‘सल्ला देईन’ या पहिल्या पर्यायावर बोट ठेवून हसल्या. ‘‘करते मी हे.’’