परगावच्या मालकाचे घर आणि देखरेखीचा करार

भाड्याने दिलेल्या घराची देखरेख दुसऱ्याकडे सोपवण्याचा करार आणि भाडेकरूशी केलेला करार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. देखरेख करणारा मालकाचा प्रतिनिधी ठरतो व त्याला भारतीय करार कायदा, १८७२ लागू होतो. भाडेकरूशी होणारा ‘लिव्ह अँड लायसन्स’ करार महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ खाली येतो. या कायद्याआधी जालन्यासह मराठवाड्यात हैदराबाद राज्याच्या वारशाने आलेला १९५४ चा भाडे कायदा चालत असे.

जालन्यात सळईचे कारखाने, बियाणे कंपन्या आणि मोंढ्याची बाजारपेठ यांच्यामुळे भाड्याच्या खोल्यांना गिऱ्हाईक असते. मालक नोकरीनिमित्त पुण्यात किंवा मुंबईत असला, की घराच्या किल्ल्या ओळखीच्या दलालाकडे जातात. काम तोंडी सोपवले, तर वाद पैशावरून होतो. म्हणून कराराची बोलणी पैशापासूनच सुरू करावी.

पहिला मुद्दा मोबदल्याचा. तो ठरलेल्या भाड्यावर धरायचा की वसूल झालेल्या, हे स्पष्ट लिहावे. समजा चार-चार हजारांच्या तीन खोल्या आहेत, त्यातली एक रिकामी आहे आणि मोबदला दहा टक्के आहे. ठरलेल्या भाड्यावर १,२०० रुपये होतात, वसुलीवर ८००. वसुलीवर मोबदला असला, की खोली लवकर भरण्यात दोघांचेही हित राहते. नवा भाडेकरू आणल्याची दलाली वेगळी असेल, तर ती एकदाच, असे नमूद करावे.

दुसरा मुद्दा खर्चाचा. न विचारता किती रुपयांपर्यंत दुरुस्ती करता येईल, ती मर्यादा आकड्यात लिहावी. त्यापुढे मालकाची संमती आणि दुकानाचे बिल लागेल. उन्हाळ्यात टँकर मागवावा लागतो. त्याचे पैसे भाडेकरूने द्यायचे की मालकाने, हे आधीच ठरवावे. अनामत रक्कम शक्यतो थेट मालकाच्या खात्यात जावी.

तिसरा मुद्दा हिशेबाचा. मागणी करताच नीट हिशेब देणे हे प्रतिनिधीचे कर्तव्य करार कायद्याच्या कलम २१३ मध्ये आहे. करारात त्याला तारीख जोडावी: दर महिन्याच्या दहा तारखेपर्यंत जमा, खर्च, बिले आणि शिल्लक. देखरेख करणाऱ्याने मालकाला अंधारात ठेवून घर स्वतः ८,००० ला घेतले आणि दुसऱ्याला ९,५०० ला दिले, तर मधले १,५०० रुपये कलम २१६ नुसार मालकाला मागता येतात.

चौथा मुद्दा अधिकाराचा. मुखत्यारपत्र द्यायचे असल्यास ते भाडेवसुली आणि करारावरील सही एवढ्यापुरतेच असावे. विक्री किंवा गहाण यांचा त्यात उल्लेख नको. भाडेकरार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ ने घरमालकावर टाकली आहे. तो नोंदवला नाही, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्याच अटी खऱ्या धरल्या जातात. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ‘ते काम दलालाकडे होते’ हा त्यावर बचाव नाही. म्हणून नोंदणीची प्रत मिळाल्यावरच किल्ली द्यावी, अशी अट घालावी.

करार दुसऱ्या बाजूलाही न्याय्य हवा. पदरचा खर्च वेळेवर परत मिळणे, रिकाम्या घरावर नजर ठेवण्याची ठरावीक रक्कम आणि भाडेकरूने भाडे थकवल्यास त्याचा भार अंगावर न येणे, या देखरेख करणाऱ्याच्या मागण्या रास्त आहेत.

शेवटचा मुद्दा करार संपवण्याचा. दोन्ही बाजूंना सारखीच, उदाहरणार्थ एक महिन्याची, नोटीस असावी. उलट काही ठरले नसेल, तर मोबदला थकला म्हणून प्रतिनिधीला मालकाची कागदपत्रे व मालमत्ता अडवून ठेवता येते. करार कायद्याचे कलम २२१ त्याला ती मुभा देते. मग ज्याच्या हाती ससा तो पारधी. त्यामुळे नोटिशीची मुदत संपताच किल्ल्या, भाडेकरार, वीजबिले आणि शेवटचा हिशेब परत करायचा व थकलेल्या मोबदल्याची मागणी वेगळी करायची, असे कलम करारात घालावे.