एक दप्तर, दोन रिपोर्ट

माझ्या भाच्याचं दप्तर भरणं हा रोज रात्रीचा अर्ध्या तासाचा कार्यक्रम असतो. वह्या मोठीकडून छोटीकडे, त्यातही गणिताची मराठीच्या आधी, कंपासपेटी डाव्या कप्प्यात, पाण्याची बाटली उजव्या. हा क्रम त्याने स्वतः ठरवलेला आहे आणि तो मोडलेला त्याला सहन होत नाही. पण रोज त्यातलं काहीतरी हरवलेलं असतं. खोडरबर बाकावर राहिलेलं, परिसर अभ्यासाची वही रिक्षात, पट्टी कुठे गेली ते कुणालाच ठाऊक नसतं. क्रम हवा असणारा तोच आणि क्रमातली वस्तू हरवणाराही तोच. मग तो फरशीवर बसतो, दोन्ही कान हातांनी घट्ट दाबतो आणि रडतो. ते रडणं हट्टाचं नाही, हे कळायला आम्हा मोठ्यांना तीन वर्षं लागली.

तो सहा वर्षांचा असताना पहिला रिपोर्ट आला, एडीएचडीचा. नऊ पूर्ण झाल्यावर दुसरा आला, ऑटिझमचा. पहिला रिपोर्ट घरात लवकर रुळला. ‘पोरगं चंचल आहे, मोठं झालं की बसेल,’ असं आजी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागल्या. दुसरा रिपोर्ट मात्र कपाटात साड्यांच्या खाली गेला आणि ताईला, म्हणजे त्याच्या आईला, सांगण्यात आलं, “कुणी विचारलं तर एडीएचडीच सांग. ते दुसरं नको.” सांगणारी माणसं त्या मुलावर जीव टाकणारी होती. पण त्यांच्या मनात दोन शब्दांची उतरंड तयार होती. चंचल मूल आपलं वाटतं, ऑटिझम म्हटलं की मूल हातातून गेलं असं वाटतं.

यात मराठी शब्दांचाही वाटा आहे, असं मला वाटतं. एडीएचडीसाठी आपण ‘अतिचंचलता’ म्हणतो आणि ऑटिझमसाठी ‘स्वमग्नता’. एक सतत बाहेर धावणारा, दुसरा स्वतःत बुडालेला. ऐकणाऱ्याला ही दोन टोकं वाटतात, एकच मूल दोन्ही कसं असेल? शिवाय ‘स्वमग्न’ म्हटलं की त्याला इतरांची पर्वाच नाही, असा आरोप त्यात येऊन बसतो. तो मराठीने शोधलेला नाही. स्विस मानसोपचारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९११ मध्ये स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांबद्दल लिहिताना ग्रीक ‘ऑटोस’, म्हणजे ‘स्वतः’, यावरून ‘ऑटिझम’ हा शब्द घडवला. १९४३ मध्ये बाल्टिमोरच्या लिओ कॅनर यांनी अकरा मुलांचं वर्णन करताना तोच उचलला. नाव पडलं आणि चिकटलं.

ही दोन टोकं आहेत असं डॉक्टरांच्या पुस्तकालाही बराच काळ वाटत होतं. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेचं ‘डीएसएम’ हे निदानाचं पुस्तक जगभर प्रमाण मानलं जातं. १९९४ च्या चौथ्या आवृत्तीत नियम असा होता की मुलाला ऑटिझम असेल तर वेगळं एडीएचडीचं निदान द्यायचं नाही, अस्वस्थपणा ऑटिझमच्याच खात्यात मांडायचा. हा नियम सुटला तो २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत. म्हणजे जवळजवळ दोन दशकं नियमानुसार एकच नाव देता येत होतं, मूल काहीही असो.

दवाखान्यात मात्र दोन्ही दिसतच होतं. अमेरिकेतल्या एका संशोधन-गटाने ऑटिझमच्या गटात मोडणाऱ्या, पण अतिशय अस्वस्थ असलेल्या ७२ मुलांना एडीएचडीचं नेहमीचं औषध, मिथिलफेनिडेट, देऊन पाहिलं. निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा तो नियम लागूच होता. ४९ टक्के मुलांना फायदा झाला, १८ टक्के मुलांना दुष्परिणामांमुळे औषध थांबवावं लागलं. नुसता एडीएचडी असलेल्या मुलांपेक्षा गुण कमी आणि त्रास जास्त. दोन्ही असलेल्या मुलाच्या आईला हे आधीच सांगितलेलं असावं, कारण पहिल्या आठवड्यात मूल चिडचिडं झालं की ती स्वतःलाच दोष देऊ लागते.

आता आकडे बऱ्यापैकी हाताशी आहेत. २०१९ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात ऑटिस्टिक व्यक्तींपैकी २८ टक्क्यांमध्ये एडीएचडीही आढळला. त्याच वर्षीचं एक काम मला अधिक बोलकं वाटतं. डेन्मार्कमध्ये बाळ जन्मल्यावर टाचेतून घेतलेल्या रक्ताचे वाळलेले ठिपके वर्षानुवर्षं जपून ठेवलेले आहेत. संशोधकांनी पुढे ऑटिझम किंवा एडीएचडीचं निदान झालेल्या सुमारे आठ हजार मुलांचे ठिपके काढले, निदान नसलेल्या पाच हजारांशी ताडून पाहिले आणि प्रथिन अर्धवट तोडून टाकणारे दुर्मीळ जनुकीय बदल मोजले. अशा बदलांचा भार ऑटिझम आणि एडीएचडी या दोन्ही गटांत जवळपास सारखाच निघाला, आणि बऱ्याच अंशी त्याच जनुकांमध्ये. नावं वेगळी असली तरी मुळं एकमेकांत गुंतलेली आहेत.

बाहेरून पाहणाऱ्याला मुळं दिसत नाहीत, वागणं दिसतं. तीनदा हाक मारूनही मूल वळत नाही. एडीएचडीत त्याचं लक्ष खिडकीतल्या कावळ्याकडे पळालेलं असू शकतं. ऑटिझममध्ये ते हातातल्या चाकाच्या फिरण्यात इतकं रुतलेलं असू शकतं की तुमचा आवाज पंख्याच्या आवाजात मिसळून जातो. माझा भाचा कधी या कारणाने वळत नाही, कधी त्या. त्याला ठरलेला रस्ता लागतो आणि ठरलेल्या रस्त्याचा पाच मिनिटांत कंटाळाही येतो. एका ओढीने दुसरी झाकली जाते. त्याची धावपळ इतकी ठळक होती की तिच्यामागची कानांना होणारी आवाजाची बाधा कुणी तपासलीच नाही. हे त्याच्यापुरतं नाही. २०१५ च्या एका अमेरिकी अभ्यासात, आधी एडीएचडीचं निदान झालेल्या मुलांना ऑटिझमचं निदान सरासरी तीन वर्षं उशिरा मिळाल्याचं दिसलं. आमचीही तीनच गेली.

त्या तीन वर्षांत ताईने काय ऐकलं नाही? धाक नाही. नोकरी करते ना. मोबाइल हातात दिला असेल. हा आरोपही जुना आणि परदेशात मान्यता पावलेला. कॅनर यांनीच आईबापांच्या थंडपणाकडे बोट दाखवलं होतं आणि १९६७ मध्ये ब्रुनो बेटलहाइम यांच्या पुस्तकाने आईला जवळजवळ गुन्हेगार ठरवलं. त्याआधी तीन वर्षं, १९६४ मध्ये, स्वतः ऑटिस्टिक मुलाचे वडील असलेले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलंड यांनी कारण मेंदूच्या जडणघडणीत आहे असं सविस्तर मांडलं होतं. पाच देशांतल्या सुमारे वीस लाख मुलांच्या नोंदींवरून २०१९ मध्ये ऑटिझमची आनुवंशिकता ८० टक्क्यांच्या आसपास असल्याचं दिसलं. आईच्या मायेचा तराजू घेऊन बसलेल्यांनी तो आता खाली ठेवावा.

आणि ‘स्वमग्न’ या आरोपाचं काय? एडिनबरोच्या संशोधकांनी आपला कानगोष्टींचा खेळच प्रयोग म्हणून लावला. आठ माणसांची साखळी, पहिल्याला एक गोष्ट सांगायची, त्याने पुढच्याला. काही साखळ्या फक्त ऑटिस्टिक प्रौढांच्या, काही इतरांच्या, काही मिश्र. २०२० च्या निष्कर्षांत मिश्र साखळ्यांमध्ये गोष्ट जास्त गळली. २०२५ मध्ये तीनशेहून अधिक माणसांवर तोच प्रयोग केला तेव्हा मिश्र साखळीतही विशेष फरक पडला नाही. पण ऑटिस्टिक माणसं एकमेकांना गोष्ट इतरांइतकीच नीट पोचवतात, हे दोन्ही वेळा दिसलं. मला या शब्दाबद्दल शंका होती. हे वाचल्यावर मी तो बोलण्यातून काढून टाकला. ‘ऑटिस्टिक’ म्हणते.

आपल्याकडेही मुलं एकेका रकान्यात बसत नाहीत. पलवल, कांगडा, ढेंकानाल, हैदराबाद आणि उत्तर गोवा इथल्या दोन ते नऊ वर्षांच्या ३,९६४ मुलांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. दृष्टी, श्रवण, वाचा, अपस्मार, ऑटिझम, एडीएचडी अशा नऊ प्रकारांपैकी किमान एक अडचण जवळपास दर आठव्या मुलात होती, आणि अशा मुलांपैकी सुमारे पाचव्या हिश्श्याला एकाहून जास्त.

कपाटातल्या रिपोर्टची किंमत कागदोपत्रीही मोजावी लागते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे, एडीएचडी नाही. राष्ट्रीय न्यासाची एक लाखापर्यंतची ‘निरामय’ आरोग्य विमा योजना ऑटिझमला लागू होते. घर जो शब्द लपवतं त्यालाच कायद्याचा आधार आहे आणि चारचौघांत जो सांगितला जातो त्याला नाही. ताईने शेवटी रिपोर्ट साड्यांखालून काढला तो सर्टिफिकेटसाठी. आजी बरोबर गेल्या. रांगेत पुढच्या बाईंनी विचारलं तेव्हा त्यांनीच सांगितलं, “दोन्ही आहे आमच्याला.”

दप्तराचा मार्ग त्याच्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट बाईंनी काढला. त्याआधी दोन वर्षं आम्ही ‘वस्तू सांभाळ’ असं बजावत होतो, त्याने हरवणं थांबत नव्हतं. ‘क्रम कशाला हवा?’ असंही म्हणून पाहिलं होतं, त्याने रडणं वाढलं होतं. त्यांनी दोन्ही तशीच राहू दिली. प्रत्येक मापाची एक कोरी वही घरात ठेवायला सांगितली. जी हरवेल तिच्या जागी त्या मापाची कोरी वही लावायची, म्हणजे रांग अखंड राहते. पहिल्या रात्री त्याने ती वही तीनदा काढून परत लावली. मग स्केचपेन घेऊन तिच्या कव्हरवर एसटीच्या सीटमागे असतं तसं मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘राखीव’, आणि चेन ओढून झोपायला गेला.