पावसाळ्याआधी गाडीचे पाय बघा

7 जूनच्या सुमारास मृग लागतो. त्याआधी आपल्याकडे घराघरात तयारी सुरू होते. कोणी कौले शाकारतो, कोणी पत्र्याची भोके बुजवतो. ज्याच्याकडे बैलजोडी आहे तो बैलांना नाल मारून घेतो, वखर-तिफण बाहेर काढतो. बैल चिखलात घसरला तर त्याचा पाय मोडेल, हे कोणाला शिकवावे लागत नाही. मात्र ज्या मोटारसायकलवर बापलेक रोज कामाला जातात, आई दवाखान्यात जाते, पोरगी कॉलेजच्या परीक्षेला जाते, त्या मोटारसायकलच्या टायरकडे वाकून कोणी पाहत नाही. पाहिले तरी "अजून दोन महिने चालेल" म्हणून सोडून देतात. आणि ते दोन महिने नेमके पावसाचे असतात.

अमडापूर हे चिखली-खामगाव रस्त्यावरचे गाव. बाजार, दवाखाना, कोर्टकचेरी, मजुरी यासाठी कधी चिखलीला जायचे, कधी खामगावला, कधी जिल्ह्याच्या गावी बुलडाण्याला. बुलडाण्याहून खामगावकडे जाताना बोथ्याचा घाट लागतो, मलकापूरकडे जाताना राजूरचा घाट. घाट सोडला तर बाकी मुलूख काळ्या मातीचा. म्हणजे आपल्या चाकाला पावसाळ्यात दोन शत्रू. एक ओली डांबरी सडक आणि दुसरा काळ्या मातीचा चिखल. या दोघांशी लढणारा टायर कसा ओळखावा, कसा निवडावा, याची माहिती आपल्या वाचकांना व्हावी म्हणून हा लेख.

चार बोटांचा आधार

मोटारसायकलचा टायर केवढाही मोठा दिसो, तो जमिनीला टेकतो जेमतेम चार बोटांच्या जागेत. मोटारगाडीचा एक टायर तळहाताएवढ्या जागेत टेकतो. गाडी, माणसे, सामान यांचा सगळा भार तेवढ्याच जागेवर असतो. ब्रेक लागतो तोही तिथेच.

रस्ता ओला असला की टायर आणि सडक यांच्या मध्ये पाणी शिरते. टायरवर ज्या खाचा असतात त्या शोभेसाठी नसतात. त्या नाल्यासारखे काम करतात. चाकाखाली आलेले पाणी या खाचांमधून बाजूला जाते आणि रबर सडकेला भिडते. खाचा झिजल्या की पाण्याला वाट राहत नाही. मग चाक पाण्याच्या पातळ थरावर तरंगू लागते. अशा वेळी हँडल वळवा किंवा ब्रेक दाबा, गाडी ऐकत नाही. वेग जितका जास्त तितका हा धोका जास्त.

इथेच आपली फसगत होते. कोरड्या सडकेवर गोटा झालेला टायरही बऱ्यापैकी धरून चालतो. उन्हाळाभर काही झाले नाही म्हणून माणूस निर्धास्त राहतो. पहिल्या पावसात सडकेवरची धूळ आणि सांडलेले तेल यांचा चिकट लेप तयार होतो. सडक सर्वांत निसरडी असते ती याच दिवशी. उन्हाळ्यात जो टायर खरा वाटला, तो त्या एका संध्याकाळी दगा देतो.

आगकाडीची परीक्षा

टायर बदलायची वेळ आली हे ओळखायला मेकॅनिक लागत नाही. टायरच्या खाचांमध्ये नीट पाहिले तर मध्ये मध्ये रबराचे छोटे आडवे उंचवटे दिसतात. टायरच्या बाजूला त्या जागी बाण किंवा इंग्रजीत टीडब्ल्यूआय ही अक्षरे असतात. टायर झिजत झिजत या उंचवट्यांच्या बरोबरीला आला की त्याचे आयुष्य संपले असे समजावे. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे दुचाकी व तीनचाकी वाहनाच्या टायरची खाच किमान 0.8 मिलिमीटर आणि इतर वाहनांची किमान 1.6 मिलिमीटर असावी लागते.

पण कायद्याची ही शेवटची हद्द आहे. पावसाळ्यात तिथपर्यंत थांबू नये. घरातली साधी आगकाडी घ्या. तिची जाडी साधारण 2 मिलिमीटर असते. ती खाचेत आडवी ठेवा. काडी खाचेत पूर्ण बुडाली तर ठीक. वर डोकावत असेल तर मृगाआधी त्या टायरचा विचार करा. ही परीक्षा टायरच्या मधोमध घ्या, कारण मोटारसायकलचा टायर मध्येच आधी झिजतो. कडेला खाचा दिसतात म्हणून समाधान मानू नका.

खाचा चांगल्या असूनही टायर बाद असू शकतो. बाजूला बारीक भेगा, कुठे फुगवटा, कुठे आतला धागा उघडा पडलेला असेल तर तो टायर कधीही फुटू शकतो.

डांबराला एक, चिखलाला दुसरा

आता निवड कशी करायची ते पाहू. ओल्या डांबरासाठी टायरवर जवळजवळ बसवलेले रबराचे ठोकळे आणि त्यांच्यामध्ये पाणी वाहून नेणाऱ्या भरपूर खाचा हव्यात. चिखलासाठी उलटे हवे. ठोकळे उंच आणि दूर दूर हवेत, म्हणजे मध्ये अडकलेली माती चाक फिरताना झडून पडते. ट्रॅक्टरचा मागचा टायर आठवा. त्याच्या उंच दांड्या तिरप्या असतात, त्या माती धरतात आणि लगेच टाकूनही देतात. तोच टायर उलट्या दिशेने बसवला तर माती झडत नाही आणि चाक जागीच फिरत राहते. म्हणून टायरवरचा दिशेचा बाण पाहूनच तो बसवून घ्यावा.

काही तरुण मुले हौस म्हणून साध्या मोटारसायकलला मोठ्या गोट्यांचे बटन टायर लावतात. दिसायला ते रुबाबदार दिसतात. पण ओल्या डांबरी सडकेवर त्या गोट्यांची फक्त टोके टेकतात आणि पकड कमी होते. ज्याचे रोजचे जाणे-येणे सडकेवरून आहे त्याने पुढे कंपनीने दिला तसा उभ्या रेषांचा रिब टायर आणि मागे ठोकळ्यांचा टायर हीच जोडी ठेवावी. शेताच्या वाटेचा अर्धा-एक किलोमीटर चिखल असेल तर तेवढ्यापुरते मागच्या माणसाने उतरून चालावे. ते टायर बदलण्यापेक्षा स्वस्त आणि सुरक्षित आहे.

दुसरी हौस जाड टायरची. काळी माती ओली झाली की फुगते आणि डिंकासारखी चिकटते. चाकाबरोबर वर जाऊन ती मडगार्डात भरते. कंपनीच्या मापाचा टायर असला तर मध्ये थोडी जागा असते. जाड टायर बसवला की ती जागा संपते, माती कोंबली जाते आणि चाक जाम होते. पुढचे चाक चालू गाडीत जाम झाले तर माणूस सरळ हँडलवरून पुढे फेकला जातो.

टायरवर लिहिलेले वाचा

टायरवर 2.75-18 असे लिहिलेले असते. पहिला आकडा रुंदीचा आणि दुसरा रिंगच्या व्यासाचा, दोन्ही इंचांत. नव्या पद्धतीत 80/100-18 असे लिहितात. त्यात 80 म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये, 100 म्हणजे उंची रुंदीच्या शंभर टक्के आणि 18 म्हणजे रिंगचा व्यास इंचांत. आपल्या गाडीच्या पुस्तकात जे माप आहे तेच घ्यावे.

दुसरा आकडा बनावटीच्या तारखेचा. एका लंबगोलात चार अंक असतात. 2325 असेल तर तो टायर 2025 सालच्या 23 व्या आठवड्यात तयार झाला. दुकानात वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या टायरचे रबर कडक होते, आणि कडक रबर ओल्या सडकेवर धरत नाही. दुकानदार "नवाच आहे" म्हणाला तरी हे चार अंक आपण स्वतः वाचावेत. सोबत आयएसआयची खूणही पाहावी.

बिल घ्यायला विसरू नका. 22 सप्टेंबर 2025 पासून नव्या टायरवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला आणि ट्रॅक्टरच्या टायरवरचा 5 टक्क्यांवर आला. कच्च्या चिठ्ठीवर टायर घेतला तर आपण किती कर भरला ते कळत नाही आणि टायर खराब निघाला तर भांडायला कागदही हाती राहत नाही.

पैसे कमी असतील तर काय करावे? जुना किंवा रबर चढवलेला रिमोल्ड टायर दुचाकीला लावू नये, पुढच्या चाकाला तर मुळीच नाही. ब्रेक लावताना सगळा भार पुढच्या चाकावर येतो. मागचा झिजका टायर पुढे टाकायची युक्तीही करू नये. जो टायर जास्त झिजला तो आधी बदला आणि दुसऱ्यासाठी थोडे थोडे बाजूला टाका. मोटारगाडीला दोनच नवे टायर घेणे झाले तर ते मागच्या चाकांना बसवावेत. मागची चाके सुटली तर गाडी गरकन फिरते, आणि ती सावरणे फार कठीण असते.

चाक आणि हवा

जुन्या बैलगाडीच्या चाकाला तुंबा, आरे आणि वरून लोखंडी धाव असे. आरा ढिला झाला की गाडीवान आवाजावरून ओळखायचा. मोटारसायकलच्या तारांचीही तीच गत आहे. चाक उचलून पान्याने एकेक तार हळूच वाजवा. घट्ट तार टणत्कार करते, ढिली तार बद्द वाजते. तारांची रिंग खड्ड्यात वाकली तर मेकॅनिक ती सरळ करून देतो. मॅगव्हील दिसायला छान, पुसायला सोपे आणि त्यावर ट्यूबलेस टायर बसतो. पंक्चर झाले तरी त्यातली हवा हळूहळू जाते, हा मोठा फायदा. पण मोठ्या खड्ड्यात मॅगव्हीलला तडा गेला तर ते बदलावेच लागते. साध्या तारांच्या रिंगवर ट्यूबलेस टायर बिनट्यूबचा चालत नाही, कारण तारांच्या भोकांतून हवा निघून जाते.

हवा आठवड्यातून एकदा, सकाळी टायर थंड असताना भरावी. किती भरायची ते गाडीच्या पुस्तकात किंवा गाडीवर चिकटवलेल्या पट्टीवर असते. दोघे बसणार असतील तर मागे जास्त लागते. पावसात पकड वाढावी म्हणून हवा कमी करणारे बरेच आहेत. सडकेवर ही मोठी चूक ठरते. कमी हवेचा टायर मधोमध दबतो, पाणी बाहेर ढकलत नाही, शिवाय कडेने झिजतो आणि तापतो.

बर्फातले लोक काय करतात

टायरला ऋतू असतो ही गोष्ट थंड मुलखातल्या लोकांनी कायद्यातच घालून ठेवली आहे. जर्मनीत 2010 पासून बर्फ किंवा गोठलेल्या सडकेवर हिवाळी टायर सक्तीचे आहेत. 1 ऑक्टोबर 2024 पासून तर तीन शिखरांचा डोंगर आणि आत हिमकण ही खूण असलेलेच टायर तिथे चालतात. साध्या टायरचे रबर साधारण 7 अंशांखाली कडक होऊ लागते. हिवाळी टायरचे रबर थंडीतही मऊ राहते आणि त्याच्या ठोकळ्यांवर असंख्य बारीक चिरा असतात. त्या चिरांच्या कडा बर्फाला धरतात. हिमालयात लष्कराच्या आणि सीमा रस्त्यांच्या गाड्यांना फार बर्फ असला की चाकांवर लोखंडी साखळ्या चढवाव्या लागतात. आपली अनेक मुले फौजेत आहेत, त्यांना हे सांगायला नको.

ते टायर आपल्या उपयोगाचे नाहीत. 40 अंशांच्या उन्हात ते मऊ रबर भराभर झिजेल. पण त्यांची रीत घेण्यासारखी आहे. तिथली कुटुंबे हिवाळा येण्याआधी ठरलेल्या दिवसांत चाके बदलून घेतात. अपघात होण्याची वाट पाहत नाहीत.

भाड्याची गाडी करताना

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूर, 6 डिसेंबरला मुंबई, किंवा लग्नाची वरात असो, आपण चार घरे मिळून गाडी ठरवतो. भाड्याची घासाघीस होते, टायर मात्र कोणी पाहत नाही. यापुढे इसार देण्याआधी पाचही टायर पाहा. पाचवा म्हणजे स्टेपनी. त्यात हवा आहे की नाही तेही पाहा.

समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून मेहकर, सिंदखेडराजाकडून जातो. सिमेंटची सडक, सरळ रस्ता, सतत मोठा वेग. कमी हवेचा किंवा जुना टायर तिथे तापून फुटतो. 1 जुलै 2023 च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ खासगी बसला आग लागून 25 प्रवासी गेले. चालकाने टायर फुटल्याचे सांगितले. परिवहन विभागाच्या तपासणीत मात्र टायर फुटल्याची खूण मिळाली नाही. यावरून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. टायर चांगला असणे आवश्यक आहे, पण झोप, थकवा आणि वेग यांचे खापर टायरवर फोडून चालत नाही. रात्रीच्या लांब प्रवासात चालक किती तास जागा आहे हेही विचारलेच पाहिजे. गाडीतल्या बायाबापड्यांना ते विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे.

एक रविवार काढा

वाचक बंधू-भगिनींनो, कष्टकऱ्याच्या घरात कमावता माणूस महिनाभर अंथरुणाला खिळला तर चूल थंड पडते, मुलांची फी थकते, सावकाराचे दार पुन्हा उघडावे लागते. टायरची किंमत खिशाला जड वाटते हे खरे. ती या खर्चाशी ताडून पाहावी.

मृगाआधीचा एक रविवार यासाठी काढा. मुलामुलींना सोबत घ्या. आगकाडी खाचेत ठेवायला मुलीला सांगा, तारखेचे चार अंक मुलाला वाचू द्या, तारा वाजवून कोणती ढिली ते ओळखायला लावा. शेजारचा ऑटोवाला आपली पोरे शाळेत नेत असेल तर त्याच्या तिन्ही चाकांवरही नजर टाका आणि टायर गोटा झाला असेल तर त्याला स्पष्ट सांगा. चार पालकांनी मिळून सांगितले तर तो नक्की ऐकेल.