गुणविशेष, मूल्ये व वर्तन
मनुष्याच्या वर्तनास वळण देणाऱ्या आंतरिक घटकांपैकी व्यक्तिमत्त्वाचे गुणविशेष आणि मूल्ये हे दोन प्रमुख घटक होत. निरनिराळ्या प्रसंगी ठराविक रीतीने वागण्याची व भावना अनुभवण्याची व्यक्तीची जी बऱ्याच अंशी स्थिर प्रवृत्ती असते, तिला ‘गुणविशेष’ म्हणतात. काय इष्ट आहे यासंबंधीच्या तिच्या दृढ धारणा म्हणजे ‘मूल्ये’. भिडस्त मनुष्य व धीट मनुष्य हे दोघेही समतेचे पुरस्कर्ते असू शकतात; मात्र पहिला त्यासाठी पत्र लिहील, तर दुसरा सभेत उभा राहील.

स्वभावभेदांची मीमांसा प्राचीन आहे. सांख्यदर्शनातील सत्त्व, रज व तम हे तीन गुण आणि भगवद्‌गीतेने केलेला त्यांचा विनियोग सर्वपरिचित आहे. आधुनिक मानसशास्त्रात गॉर्डन ऑल्पोर्ट (१८९७–१९६७) याने ओडबर्टसह १९३६ मध्ये इंग्रजी शब्दकोशातून व्यक्तीव्यक्तींतील भेद दर्शविणारे १७,९५३ शब्द वेचले. ही अवाढव्य यादी रेमंड कॅटेलने घटक-विश्लेषणाच्या साहाय्याने १६ घटकांपर्यंत खाली आणली. पुढे बहिर्मुखता, सौजन्य, कर्तव्यदक्षता, भावनिक अस्थिरता व अनुभवांविषयीचे खुलेपण अशी पाच घटकांची योजना बहुतेक अभ्यासकांनी मान्य केली.

गुणविशेषांवरून वर्तनाचे भाकीत कितपत करता येते, हा खरा वादाचा विषय आहे. हार्टशॉर्न व मे यांनी १९२८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात हजारो शाळकरी मुलांना लबाडीची संधी देऊन पाहिले. परीक्षेत नक्कल करणारे मूल खेळात वा पैशाच्या व्यवहारात अप्रामाणिक ठरेलच, असे आढळले नाही. एका कृत्यावरून मुलाला ‘खोटारडा’ ठरविणाऱ्या शिक्षकांनी व पालकांनी हा निष्कर्ष ध्यानी घेण्याजोगा आहे. वॉल्टर मिशेल याने १९६८ मध्ये असे दाखविले, की गुणविशेषांची मापने व एखाद्या प्रसंगीचे वर्तन यांतील सहसंबंध क्वचितच ०·३० च्या पुढे जातो. यावर सेमूर एप्स्टाइनचे १९७९ मधील उत्तर मार्मिक आहे : एकाच प्रसंगाऐवजी अनेक दिवसांच्या वर्तनाची सरासरी घेतल्यास सातत्य स्पष्टपणे प्रत्ययास येते. म्हणजे गुणविशेष उद्याचे वर्तन सांगत नाही. वर्षभराचा कल सांगतो.

परिस्थितीचा प्रभाव किती असतो, हे डार्ली व बॅटसन यांच्या १९७३ मधील प्रयोगावरून दिसते. धर्मोपदेशकाचे शिक्षण घेणाऱ्या ४० विद्यार्थ्यांच्या वाटेवर एक कण्हणारा मनुष्य बसविला होता. फारशी घाई नसलेल्यांपैकी ६३ टक्के विद्यार्थ्यांनी त्याला मदत केली, तर उशीर झाल्याचे ज्यांना सांगितले होते त्यांपैकी केवळ १० टक्क्यांनी. काहींच्या भाषणाचा विषय परोपकाराचीच बोधकथा हा होता. त्यानेही लक्षणीय फरक पडला नाही.

तथापि मूल्ये निष्प्रभ असतात, असे यावरून समजणे चुकीचे ठरेल. मिल्टन रोकीच (१९१८–८८) याने १८ साध्यमूल्ये व १८ साधनमूल्ये मांडून त्यांचा व्यक्तीने लावलेला क्रम महत्त्वाचा मानला. त्याच्या अमेरिकन विद्यार्थ्यांनी सरासरीने स्वातंत्र्यास पहिला व समतेस सहावा क्रमांक दिला होता. तुम्हास स्वतःच्या स्वातंत्र्याची अधिक आस्था आहे, असे त्यांच्या निदर्शनास आणून दिले गेले. काही महिन्यांनंतर कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या संघटनेचे आवाहन आले असता, त्यांनी इतरांपेक्षा अधिक प्रतिसाद दिला. मूल्य नुसते असून भागत नाही. ते कृतीच्या वेळी जाणिवेत असावे लागते. शालोम श्वार्ट्‌झने १९९२ मध्ये दहा मूल्यप्रकार वर्तुळात मांडले. त्यात परोपकार व सत्ता, सुरक्षितता व नावीन्य अशी परस्परविरोधी मूल्ये समोरासमोर येतात. त्यामुळे एका मूल्यानुसार वागताना दुसऱ्याला बहुधा मुरड घालावी लागते.

जुळ्यांच्या अभ्यासांवरून व्यक्तीव्यक्तींच्या गुणविशेषांतील भेदांचा सुमारे निम्मा भाग आनुवंशिक असल्याचे दिसते. मूल्यांच्या घडणीत कुटुंब, धर्म व समाज यांचा वाटा मोठा मानला जातो. दोहोंचे मापन मुख्यतः प्रश्नावलींनी होते. नोकरीसाठी आलेला उमेदवार अशा प्रश्नावलीत स्वतःस कर्तव्यदक्ष म्हणवून घेणार, हे उघडच आहे. म्हणून निवडीच्या कामी परिचितांचे अभिप्राय व प्रत्यक्ष कामाचे निरीक्षण यांची जोड देतात.