विश्लेषण : मालिकेतील ‘पूरक’ पुस्तक एकटे वाचता येते का?

मुलाने हॅरी पॉटरचे तीन भाग वाचून संपवले. वाढदिवसाला चौथा भाग द्यायचा म्हणून पालक दुकानात गेले आणि मुखपृष्ठावरचे नाव पाहून पुस्तक घेऊन आले. घरी आल्यावर कळले, की ते ‘क्विडिच थ्रू द एजेस’ आहे. त्यात हॅरीची पुढची गोष्ट नाही, एका काल्पनिक खेळाचा इतिहास आहे! असा घोळ कोणाचाही होऊ शकतो. फँटसी मालिकांभोवती आता कोश, नकाशे, उपकथा आणि चित्रपटाच्या संहिता यांचा गोतावळा जमला आहे. ठाणे असो, कल्याण असो की डोंबिवली, दुकानात आणि वाचनालयात ही सारी पुस्तके बहुधा एकाच कप्प्यात असतात. त्यातले कोणते आधी वाचावे, कोणते विकत घ्यावे आणि कोणते वाचनालयातून आणले तरी चालेल, याचा हा आढावा.

पूरक पुस्तक म्हणजे नेमके काय?

मोठ्या मालिकेतील पुस्तकांचे ढोबळमानाने तीन प्रकार पडतात. पहिला प्रकार मुख्य भागांचा. हे क्रमानेच वाचावे लागतात. दुसरा प्रकार स्वतंत्र कथांचा. जग तेच, पण गोष्ट त्याच पुस्तकात सुरू होते आणि तिथेच संपते. तिसरा प्रकार पूरक पुस्तकांचा. मूळ गोष्ट माहीत आहे असे गृहीत धरून ती लिहिलेली असतात. मालिकेतली पात्रे जे पुस्तक वाचतात तेच छापून काढणे, त्या जगाचा कोश किंवा नकाशा तयार करणे, तिथल्या पाककृती देणे, असे त्यांचे स्वरूप असते. याशिवाय, जुन्याच कादंबरीला चित्रपटाचे किंवा वेबमालिकेचे नवे मुखपृष्ठ लावलेले असते. आतला मजकूर तोच असल्याने ते पुस्तक घरात असेल तर पुन्हा घेण्याची गरज नाही.

हॅरी पॉटरच्या बाबतीत काय झाले?

जे. के. रोलिंग यांची मुख्य सात पुस्तके १९९७ ते २००७ या काळात आली. मराठीत ही मालिका मंजुल प्रकाशनाने आणली. पहिल्या भागाचे नाव ‘हॅरी पॉटर आणि परीस’. मालिका सुरू असतानाच २००१ मध्ये ‘फँटास्टिक बीस्ट्स अँड व्हेअर टू फाइंड देम’ आणि ‘क्विडिच थ्रू द एजेस’ ही दोन छोटी पुस्तके ‘कॉमिक रिलीफ’ या संस्थेच्या मदतीसाठी प्रसिद्ध झाली. पहिले हॅरीचे पाठ्यपुस्तक आणि दुसरे त्याच्या शाळेच्या ग्रंथालयातले. त्यामुळे लेखक म्हणूनही त्या जगातलीच काल्पनिक नावे दिली होती. पहिल्याच्या समासात हॅरी आणि रॉनने खरडलेल्या टिपाही होत्या. हे दोघे कोण हे ज्याला माहीत आहे, त्यालाच त्यातली गंमत कळते.

२००८ मधील ‘द टेल्स ऑफ बीडल द बार्ड’ची गोष्ट थोडी वेगळी आहे. या पाच परीकथा असून, मालिका न वाचलेले मूलही त्यांचा आनंद घेऊ शकते. मात्र त्यातली तीन भावांची कथा सातव्या भागाच्या रहस्याशी जोडलेली आहे. ती आधीच वाचली तर ते रहस्य काहीसे फुटते. म्हणजे हे पुस्तक एकटे वाचता येते, पण सातव्या भागानंतर वाचलेले बरे.

क्रमाशिवाय वाचता येईल अशी मोठी मालिका आहे का?

आहे, आणि तीही तब्बल ४१ कादंबऱ्यांची. टेरी प्रॅचेट यांची ‘डिस्कवर्ल्ड’ मालिका १९८३ मध्ये सुरू झाली. शेवटची कादंबरी २०१५ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर आली. बहुतेक कादंबऱ्या आपापल्या जागी पूर्ण आहेत. पहारेकरी, चेटकिणी, मृत्यू अशा पात्रांचे गट मात्र पुन्हा पुन्हा येतात. एखाद्या गटाची पुस्तके क्रमाने वाचली तर मजा वाढते, पण क्रम चुकला म्हणून गोष्ट कळत नाही असे सहसा होत नाही.

याच मालिकेला पूरक पुस्तकांचीही कमी नाही. शहराचा नकाशा आहे, कोश आहे, पाककृतींचे पुस्तकही आहे. २००५ मधील ‘थड!’ या कादंबरीत पोलीसप्रमुख व्हाइम्स रोज संध्याकाळी सहा वाजता मुलाला एक चित्रपुस्तक वाचून दाखवतो. ‘व्हेअर इज माय काऊ?’ हे त्या नावाचे चित्रपुस्तक त्याच वर्षी खरोखरच बाजारात आले. कादंबरी त्याच्याशिवाय समजते. त्याची खरी खुमारी मात्र कादंबरी वाचलेल्यालाच कळते.

पूरक पुस्तकच मोठे होऊन बसले तर?

असेही होते. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’चा पाचवा भाग २०११ मध्ये आला. पुढचा भाग अजून आलेला नाही. दरम्यान २०१८ मध्ये ‘फायर अँड ब्लड’ आले. ते एका राजघराण्याच्या बखरीसारखे आहे. २०२२ मध्ये त्यावर ‘हाऊस ऑफ द ड्रॅगन’ ही वेबमालिका आली आणि ती पाहिलेले अनेक जण थेट या पुस्तकाकडे वळले. घटना मूळ कथेच्या बऱ्याच आधीच्या असल्याने ते एकटे वाचता येते. पण कादंबरीची अपेक्षा ठेवून हाती घेतले तर निराशा होऊ शकते.

टोल्किन यांच्या मृत्यूनंतर १९७७ मध्ये आलेले ‘द सिल्मॅरिलियन’ही असेच. कालक्रमाने ते सर्वांत आधीचे, पण नव्या वाचकाने सुरुवात तिथून केली तर नावांच्या गर्दीतच तो हरवतो. त्याच्यासाठी १९३७ चे ‘द हॉबिट’च बरे.

आपल्याकडे ही परंपरा आहे का?

हिंदीत ती शंभर वर्षांहून जुनी आहे. देवकीनंदन खत्री यांच्या १८८८ च्या ‘चंद्रकांता’नंतर ‘चंद्रकांता संतति’ आली आणि तिच्यातल्याच एका पात्राची हकीकत सांगणारी ‘भूतनाथ’ त्यातून निघाली. खत्री यांच्या निधनानंतर तिचे उरलेले भाग मुलगा दुर्गाप्रसाद यांनी पुरे केले.

मराठीत मात्र स्वतंत्र पुस्तकांची रीत रुजली. नारायण धारपांच्या भय आणि गूढ कथांमध्ये ‘समर्थ’ पुन्हा पुन्हा भेटतात, पण प्रत्येक वेळी संकट नवे असते. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांमधला झुंजार आणि भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे यांचेही तेच.

अलीकडे अमिश यांच्या रामचंद्र मालिकेने मधला मार्ग काढला. २०१५, २०१७ आणि २०१९ मध्ये आलेली पहिली तीन पुस्तके अनुक्रमे राम, सीता आणि रावण यांच्यापासून सुरू होऊन सीताहरणाच्या प्रसंगापाशी येऊन मिळतात. त्यामुळे या तिघांचा क्रम बदलला तरी चालतो. २०२२ मधील चौथे पुस्तक मात्र तिन्ही वाचल्याशिवाय हाती घेऊ नये.

याचा वाचनालयांशी काय संबंध?

कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे, तर ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. डोंबिवलीत पै फ्रेंड्स लायब्ररीने जुने पुस्तक देऊन दुसरे घेण्याची आदान-प्रदान प्रदर्शने भरवली. अशा ठिकाणी हवे ते पुस्तक हव्या त्या दिवशी मिळेलच असे नाही. धारप किंवा अर्नाळकर वाचणाऱ्याचे त्यामुळे काही अडत नाही. कपाटात असेल ते पुस्तक उचलले की झाले.

क्रमाच्या मालिकेचे तसे नाही. तिसरा भाग एखाद्या सभासदाकडे अडकला किंवा हरवला, तर चौथा ते सातवा भाग कपाटात असूनही नव्या वाचकासाठी बंदच. अनेक मुलांची मालिका कंटाळ्याने सुटत नाही, अशा हरवलेल्या एका भागामुळे सुटते. त्यामुळे वाचनालयाकडे पुस्तकखरेदीला मोजकेच पैसे असतील तर आधी मुख्य भागांतली भगदाडे बुजवावीत आणि पूरक पुस्तके नंतर घ्यावीत.

घेण्यापूर्वी काय पाहावे?

मुखपृष्ठावर मालिकेचे नाव आहे एवढ्यावर जाऊ नये. भागाचा क्रमांक आहे का ते पाहावे. मलपृष्ठावरच्या मजकुरात कथेतला पेच सांगितला आहे की नुसतीच त्या जगाची ओळख आहे, हे वाचावे. मग मधली दोन पाने चाळावीत. तिथे संवाद आणि प्रसंग असतील तर ती गोष्ट. नोंदी, याद्या आणि टिपा असतील तर पूरक पुस्तक.

मुख्य भाग शक्यतो संच म्हणून घ्यावेत किंवा सगळे भाग असलेले वाचनालय गाठावे. स्वतंत्र पुस्तके आदान-प्रदानात बिनधास्त उचलावीत. पूरक पुस्तक आधी वाचनालयातून आणावे. ते परत करताना मुलाच्या जिवावर आले, तर खुशाल विकत घ्यावे.